तीन वर्षांनी आलेला कडू घास

गावातल्या माणसानं पाच वर्षांनी पहिली शिवी दिली, ती सावळारामनं रस्त्यात थांबून पुरती ऐकून घेतली.

"सावळ्या, मेल्या, रस्ता काय तुज्या बापाचा हाय? म्हशीसारखा मदोमद चालतंस," देवराम मोटारसायकलवरून म्हणाला, हसला आणि पुढे गेला.

सावळाराम धुळीत उभा राहिला. शिवी जुनीच होती. देवराम ती शाळेपासून देत आला होता. पण पाच वर्षांत तिचं एक अक्षर कानावर पडलं नव्हतं, आणि उपाशी माणसाला दुसऱ्याच्या घरच्या फोडणीचा वास यावा तसं त्याला झालं. संध्याकाळी त्यानं लेकीला सांगितलंही.

"देवराम बोलला आज."

"काय बोलला?"

"मेल्या म्हनला."

स्नेहल कामावरून येऊन ओट्याशी पाय धूत होती. मुरबाडला औषधांच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. उभं राहून राहून पायांचे गोळे व्हायचे. तिनं तांब्या पालथा घातला.

"तारीख कधी हाय, बाबा?"

"कसली?"

"कोर्टाची."

तारीख सावळारामला पाठ होती. गावालाही होती. गाव अचानक गोड झालं ते त्या तारखेच्या तोंडावर, हे न कळण्याइतका तो भोळा नव्हता. कोण कशासाठी बोलतो आणि कोण कशासाठी गप्प बसतो, याची बेरीज-वजाबाकी त्याला चांगली यायची. पण बेरीज येते म्हणून भूक कमी होते असं कुठं आहे?

गावाचं नाव इथं सांगत नाही. मुरबाडहून माळशेजकडे जाताना वैशाखऱ्याच्या अलीकडे डांबरी सोडून आत वळायचं, एवढं पुरे. नाव सांगितलं तर आजूबाजूची चार गावं 'आमचं नाय आलं बाबा' म्हणून खूश होतील, आणि त्यांनी खूश व्हावं असं काही नाही.

झालं होतं ते असं. डोंगरालगतची सगळी वरकस जमीन एका तुकड्यात मुंबईच्या बंगलेवाल्याला द्यायची, असं गावकीनं ठरवलं. सगळ्यांनी सह्या केल्या. सावळारामची बायको जनी म्हणाली, माजी नाचनी येतं तिथं, मी नाय देनार. म्हणून सावळारामनं सही केली नाही. त्याचा तुकडा नेमका मधोमध. बंगलेवाला आला, पाहून गेला, परत आला नाही. त्याच आठवड्यात देवळात बैठक झाली. गावकीचा म्होरक्या देवराम. त्यानं नारळावर हात ठेवून सांगितलं की आजपासून सावळारामचं घर बंद.

बंद म्हणजे मारहाण नाही, दगड नाही. नुसता आवाज बंद. गिरणीवाला दळणाला नाही म्हणायचा नाही. सावळाराम डबा घेऊन दिसला की यंत्राचा पट्टा उतरवून ठेवायचा. विहिरीवर जनी गेली की बाकीच्या बायका कळशा अर्ध्याच भरून निघायच्या. इथं लावणीला सावड असते, आज तुमच्या शेतात, उद्या आमच्या, घरटी माणूस जातं. त्या सावडीला सावळारामकडे कुणी येईना आणि त्याला कुणी बोलवेना. बोललं तर दंड. पहिल्या वर्षी तो मुद्दाम लोकांच्या अंगावर जाऊन बोलायचा. दुसऱ्या वर्षी बैलांशी बोलायला लागला. तिसऱ्या वर्षी बैल विकले.

आणि आता गावकीनंच नारळ फोडून घर मोकळं केलं होतं. देवराम म्हणाला होता, "झालं गेलं गंगेला मिळालं." कुणी मिळवलं, ते बोलला नव्हता.

शिवीनंतर दोन दिवसांनी सावळाराम कोंडू न्हाव्याकडे गेला. कोंडूचं दुकान म्हणजे आंब्याखाली एक खुर्ची आणि फांदीला टांगलेला आरसा. पाच वर्षं सावळारामची दाढी घरीच व्हायची आणि केस स्नेहल कापायची, मेंढरू भादरावं तसे. तो जरा लांबच उभा राहिला.

"उबा का ऱ्हायलास? खुर्ची काय चावतं?" कोंडू म्हणाला.

तो बसला. कोंडूनं मानेभोवती फडकं बांधलं, साबण फासला आणि हनुवटीला दोन बोटं लावून मान वळवली. बस, तेवढंच. पण पाच वर्षांत घरच्यांवाचून दुसऱ्या माणसाचा हात तोंडाला लागला नव्हता. सावळारामनं डोळे मिटून घेतले. फेसात काय मुरलं ते फेसालाच माहीत.

वस्तरा चालला तशी कोंडूची जीभही चालली. कुणाची सून माहेरी गेली ती आलीच नाही, कुणी बोअर मारली तर आत नुसती धूळ, कुणाच्या पोरानं कल्याणला फ्लॅट घेतला आणि आता आईला 'तिकडं जागा लहान हाय' म्हणतो. सावळाराम अधूनमधून "खरं काय?" म्हणायचा आणि कोंडूला चेव यायचा. पाच वर्षांचं गाव एका दाढीत उलगडलं. फक्त एक गोष्ट कोंडूनं गाळली. जनीच्या दहाव्याला सावळारामचं डोकं करायला त्याला निरोप गेला होता, आणि तो आला नव्हता. वस्तरा कानाजवळ आला तेव्हा कोंडूनं तो एकदा पुसून घेतला, एवढीच त्याची दखल.

"तुळतुळीत झालंस," कोंडू आरसा पुढे धरून म्हणाला. "आता बायको बघायला हरकत नाय."

सावळाराम हसला. हसल्यावर त्याला कळलं की आपण कशावर हसलो. तोवर हसून झालं होतं.

मग देवळाच्या ओट्यावर मेंढीकोट. पूर्वी तो आणि देवराम भिडू असायचे. देवरामनं पानं पिसता पिसता "बस" म्हटलं आणि वाटायला लागला, जणू काल संध्याकाळीच डाव मोडून उठले होते. सावळारामच्या हातात दश्शी आली. त्यानं चुकीचं पान टाकलं. देवरामनं त्याच्या आईचा उद्धार केला. समोरचे दोघं खदखदले. चहा आला, आणि सावळारामचा चहा इतरांच्याच कपांसारख्या कपात आला.

"पोरीचं काय ठरवलंस?" देवरामनं फुर्रकन घोट घेऊन विचारलं. "माज्या सासुरवाडीला, किन्हवलीला, स्थळ हाय. पोरगा शिकलेला, घरची भातशेती. मी शब्द टाकला तर नाय म्हननार नायत."

पाच वर्षांत स्नेहलला एक स्थळ आलं नव्हतं. बंद घरातली पोर कोण करणार? ती सव्वीस पार करून गेली होती. सावळारामनं कप खाली ठेवला.

"विचारतो तिला."

"विचार. आनि माज्या रोशनचं नाव पोलीस भरतीत आलंय, तुला कळलं आसंल," देवराम पानांकडे बघत म्हणाला. "चारित्र्याचा दाखला मागतात. केस आसंल तर घरी बसा म्हनतात. एकुलता हाय रे तो मला. तू टाक, तुजी पाळी."

सावळारामनं पान टाकलं. या खेपेला बरोबर टाकलं.

रोशनचं नाव निघालं म्हणून आता जनीचं सांगितलं पाहिजे. तीन वर्षांपूर्वी भाद्रपदात एका पहाटे तिच्या छातीत कळ आली. गावात जीप एकच, देवरामची, चालवायचा रोशन. स्नेहल धावत गेली. रोशन अंथरुणातून उठला, तिच्या आईला कसं वाटतंय तेही विचारलं, आणि म्हणाला, "बाबाला फोन करतो, तो म्हनला तर काढतो." देवराम त्या रात्री किन्हवलीला सासुरवाडीत होता. फोन लागला. देवराम म्हणाला, "मी येतो, मग बघू." उजाडेपर्यंत जनीनं वाट पाहिली. मग डोंगरावरच्या ठाकरवाडीतला बुधू मोळी घेऊन खाली येत होता, त्यानं मोळी टाकली, वाडीतून आणखी दोघांना आणलं, चादरीची झोळी केली आणि जनीला डांबरीपर्यंत वाहिलं. गाडी मिळायच्या आत रस्त्याच्या कडेलाच तिचा जीव गेला. त्याच झोळीतून तिला परत आणलं.

इथं माणूस गेलं की घरटी एक लाकूड येतं. कुणी मागत नाही, कुणी सांगत नाही, लाकूड येतं. जनीसाठी एकही आलं नाही. भाद्रपदातली लाकडं, सगळी ओली. सावळारामनं कुऱ्हाड घेतली आणि गोठ्याचे वासे उतरवले. अग्नी स्नेहलनं दिला. तिसऱ्या दिवशी तक्रार लिहिली तीही तिनंच. त्यानं सही केली. बंगलेवाल्याच्या कागदावर न झालेली सही या कागदावर झाली. पोलीस, जबाब, पंचनामा, तारीख, पुढची तारीख. असं करत तीन वर्षांनी केस उभी राहिली. अकरा आरोपी, पहिला देवराम, अकरावा रोशन. साक्षीदार तीन: बाप, लेक आणि बुधू.

किन्हवलीच्या स्थळाचं सांगितल्यावर स्नेहल बराच वेळ तांदूळ निवडत राहिली.

"तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"चांगलं वाटतं."

"आनि रोशनचं?"

"त्याचं आयुष्य…"

"बाबा, मी त्याच्या दारात उबी व्हते. त्याला कळत व्हतं. कळून पन त्यानं फोन केला."

"पोरगा व्हता तो. घाबरला."

"मी पन पोरगीच व्हते." तिनं सुपातला खडा उचलून बाहेर भिरकावला. "तू पत्ते खेळ. चा पी. दाढी कर. मला राग नाय. पाच वर्सं तू घराबाहेर कुनाशी बोलला नायस, ते मी बघितलंय. खा ते सगळं. फक्त तिथं उबा ऱ्हायलास की झालं ते सांग. तेवढंच."

"सांगनारच हाय," सावळाराम म्हणाला. आणि ते तेव्हा खरं होतं.

तारखेच्या आदल्या रविवारी दुपारी सकुबाई आली, देवरामची बायको. डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं, मागून देवराम, आणि त्याच्या मागे आळीतली चार माणसं. पडवीत टेकून तिनं फडकं काढलं. तांदळाच्या भाकऱ्या, पातेलीभर पिठलं, भात, फोडलेले कांदे.

सावळारामला आधी कळेना. स्नेहलला लगेच कळलं. ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

ज्या घरी मयत होतं त्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारी रांधून आणतात, घरच्यांना मध्ये बसवतात आणि सोबत बसून दोन घास खायला लावतात. कडू घास म्हणतात त्याला. तो ज्याचा त्याला दिला नाही तर देणाऱ्याच्या घराला लागतो, अशी समजूत. गावकीनं घर मोकळं केलं, मग राहिलेलं काय काय याचा विचार झाला असणार, आणि कुणाच्या तरी लक्षात आलं की जनीचा घास राहिलाय. म्हणून तो आणला होता. तीन वर्षांनी, रविवारची सुट्टी बघून.

"भावजी," सकुबाई म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "जनी माजी… पावसात एका इरल्याखाली भाताचा आवन लावलाय आमी."

ते रडणं खोटं नव्हतं. सकुबाईला जनी खरंच आवडायची. गावकीला विचारल्याशिवाय रडता येत नव्हतं, एवढंच. तिचं बघून आळीतल्या दोघी बायकांनीही पदर डोळ्यांना लावला, आणि जनी जणू सकाळीच गेली असावी तसा घरात आक्रोश झाला. तीन वर्षांपूर्वी या घरात तो आणि स्नेहल दोघंच होते, आणि दोघांना एकमेकांसमोर रडता आलं नव्हतं. आता चारचौघं रडत होती, त्यात त्याला रडायला जागा झाली. तो ढसाढसा रडला. देवरामनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच बसला.

"बस, स्नेहल," सकुबाई नाक पुसून म्हणाली. "दोन घास खा, गो."

"काकी, आई गेली त्या दिवशी आमी उपाशी व्हतो," स्नेहल म्हणाली. "आता भूक नाय ऱ्हायली."

"तसं नको बोलू. अन्न हाय."

"अन्नाला मी काय बोलले नाय."

ती आत गेली. भांड्याचा आवाज नाही, काही नाही. पडवीत सगळे सावळारामकडे बघायला लागले. देवरामनं भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि त्याच्या तोंडाशी धरला. लग्नात व्याह्याला भरवतात तसा.

सावळारामनं तोंड उघडलं.

पिठलं चांगलं झालं होतं. हेच त्याला पुढं किती दिवस छळत राहिलं. घास कडू लागला असता, नरड्यात अडकला असता, तर माणसानं स्वतःला माफ केलं असतं. पण सकुबाईच्या हाताला चव होती, लसूण ठेचून घातली होती, आणि पाच वर्षांत दुसऱ्याच्या घरचा घास पोटात गेला नव्हता. त्यानं एक भाकरी खाल्ली. दुसरी मागून घेतली.

"आता मन हलकं झालं," देवराम हात धुताना म्हणाला. "माजं पन. परवा कोर्टात जाऊ आपन सगळे जीपनंच. येष्टीत कशाला धक्के खातंस?"

कोर्टात स्नेहल एस्टीनं आली. बुधू पहाटे डोंगर उतरून तिला फाट्यावर भेटला होता. अंगात धुतलेला सदरा, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली. सावळाराम जीपमधून उतरला तेव्हा ती दोघं कोर्टाच्या भिंतीच्या सावलीला उभी होती. बुधूनं हात केला. "आलंस का, दादा? मना वाटलं तू चुकलंस का काय."

"नाय. जीपनं आलो."

बुधूनं जीपकडे बघितलं. तीच जीप. त्याला त्यात काही वावगं वाटलं असेल तर त्यानं चेहऱ्यावर आणलं नाही.

सावळारामचं नाव पुकारलं. सरकारी वकिलांनी नाव-गाव-धंदा विचारला, जमिनीचं विचारलं, सही विचारली. तेवढ्यापर्यंत सगळं झालं तसं सांगून झालं. मग आरोपींचे वकील उठले. मऊ आवाजाचा माणूस.

"सावळाराम, तुमची दाढी कुठे केलीत?"

"कोंडूकडं."

"गावातल्याच ना? चहा, पत्ते, हे गावातच चालतं ना तुमचं?"

"चालतं."

"तुमची पत्नी वारली. दुःख झालं ऐकून. मयताच्या घरी गावानं घास द्यायची तुमच्यात पद्धत आहे. देवरामच्या घरून घास आला होता की नाही?"

"आला व्हता."

"तुम्ही खाल्लात?"

"खाल्ला."

वकील खाली बसायला निघाले. सरकारी वकील कागद चाळत होते. त्यांच्याकडच्या जबाबात घासाचं काही नव्हतं. तेवढ्यात न्यायाधीशबाईंनी पेन थांबवलं. त्या लिहीत होत्या आणि लिहिता लिहिता त्यांना काहीतरी खटकलं असावं.

"घास आला म्हणता. कधी आला?"

सावळाराम बाकांकडे बघायला लागला. एका बाजूला अकरा जण हात जोडून बसले होते. रोशननं नवा शर्ट घातला होता आणि त्याचे केस पोलिसासारखे बारीक होते. मागे स्नेहल. ती त्याच्याकडे बघत होती, रागानं नाही, नुसती बघत होती; बैल उताराला लागला की गाडीवान दोरीकडे बघतो तशी. सावळारामला आंब्याखालची खुर्ची आठवली. हनुवटीला लागलेली दोन बोटं. तो 'परवा' म्हणाला असता तर ती बोटं परत कधी लागली नसती, हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नव्हती.

"तवाच," तो म्हणाला. "ती गेली त्या दिवशी."

पेन चालू लागलं. मऊ आवाजाचा वकील पुन्हा उठला. संधी सोडायची नसते.

"आणि जीप? रोशननं नाकारली होती?"

"नाय. बंद व्हती. बॅटरी उतरली व्हती."

पहिल्या खोट्याला घाम फुटला होता. दुसऱ्याला फुटला नाही. बॅटरी तर त्यानं स्वतःच जोडली, कुणी सुचवलीही नव्हती. सरकारी वकिलांनी साक्षीदार फितूर झाल्याचं सांगितलं आणि जुना जबाब वाचून दाखवला. सावळाराम म्हणाला, तसं आपण बोललो नव्हतो, पोलिसांनी लिहिलं असेल. तो खाली उतरला. बुधूच्या बाकाजवळून जाताना बुधूनं पाय आवरून घेतले, वाट द्यायला आवरतात तसे.

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकील स्नेहलला समजावत होते. बाप एक सांगतो, मुलगी दुसरं सांगणार, मग केसमध्ये राहतं काय? पुढच्या तारखेला तुम्हाला उभं करायचं की नाही, विचार करा.

"करा उबं," स्नेहल म्हणाली.

"बघा हं. गाव तेच आहे."

"म्हाईत हाय मला गाव. मी आनि बुधूदादा, दोगं सांगू."

बुधूनं मान हलवली. आजची मजुरी बुडाली होती, पुढचीही बुडणार होती.

"चल ना जीपमधून," सावळाराम लेकीजवळ येऊन म्हणाला. "बुधू, तू पन चल. जागा हाय मागं."

बुधू म्हणाला, "येष्टी हाय ना, दादा." स्नेहलनं पदराला लागलेला भिंतीचा चुना झटकला आणि ती स्टँडच्या दिशेनं चालायला लागली. सावळारामला वाटलं, रागात आहे, संध्याकाळपर्यंत उतरेल.

जीप वाटेत टोकावड्याला थांबली. रोशन उतरला, भजी सांगितली आणि पहिली प्लेट सावळारामच्या हातात आणून दिली. पोरगा त्याच्याकडे बघू शकत नव्हता. "काका," तो म्हणाला आणि मिरच्या आणायला परत वळला. कढईतली भजी, हिरवी मिरची, वर मीठ. जीपमध्ये चेष्टामस्करी सुरू झाली; कुणीतरी न्यायाधीशबाईंची नक्कल केली. सावळारामही हसला. माणसं वाईट नव्हती. हेच कुणाला पटवून सांगता येत नाही. कुणाच्याही घरी आग लागली तर ती हातातलं काम टाकून बादली घेऊन धावणारी होती, फक्त आधी गावकीला विचारून.

"पोरीला समजव," देवराम हळूच म्हणाला. "तिला आनि त्या ठाकराला. तू तर आमचाच. तिच्यापायी परत नको काय व्हायला."

"समजवतो."

"तुज्याच्यानं व्हईल."

सावळारामनं स्नेहलसाठी आणखी एक प्लेट कागदात बांधून घेतली. तिला कांदाभजी आवडायची.

घरी पोचला तेव्हा दिवस मावळत होता. स्नेहल आधीच आली होती. पडवीच्या पलीकडच्या कोपऱ्यात तिनं तीन दगड मांडले होते, वर भाताचं पातेलं, खाली काटक्या. आतली शेगडी, सिलिंडर, तेलाचा डबा, मिठाची बरणी सगळं जागच्या जागी होतं. स्वतःपुरतं एक ताट, एक पातेलं आणि चिमूटभर मीठ एवढंच तिनं बाहेर आणलं होतं.

"हे काय?" त्यानं विचारलं.

ती जाळ सारखा करत होती.

"भजी आनलीत. गरम हायत अजून."

तिनं फुंकर घातली. धूर त्याच्याकडे आला.

"स्नेहल, मी काय तुज्या वाईटाचं केलं? किन्हवलीचं स्थळ… आनि रोशनचं आयुष्य… आनि मेलेलं मानूस काय परत येतंय?" तो बोलत राहिला. खूप बोलला. पाच वर्षांत इतकं बोलला नव्हता. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं. तिनं कान झाकले नव्हते, तोंड फिरवलं नव्हतं. फक्त त्याच्या शब्दांना कुठं टेकायला जागा देत नव्हती. मध्येच त्याला कळलं की आपण हे कुठं बघितलंय. गिरणीवाला असाच पट्टा उतरवायचा.

तिनं भात उतरवला, मिठाबरोबर खाल्ला, ताट घासलं, पालथं घातलं. भज्यांचं पुडकं त्यानं दोन चुलींच्या मधल्या जागेत, उंबऱ्यावर ठेवलं आणि आत जाऊन पडला.

सकाळी ती नेहमीच्या एस्टीनं कामावर गेली. जाताना तिनं अंगण झाडलं होतं, पाणी भरून ठेवलं होतं. पुडकं उंबऱ्यावर होतं तसंच होतं. कागदाला तेल सुटून भजी दिसत होती. सावळाराम त्याच्यापाशी बसला. टाकवेना. त्यानं एक तोंडात घातलं. गार, चिवट, कांदा आंबूस झालेला. दुसरं घातलं.

"भावजी, उठलात का?" सकुबाई कुंपणाशी आली. आज आळीत कुणाकडे तरी हळकुंडं फोडायची होती, लग्नघर. बायाबापड्यांना चहा होता, आणि तुमी पन या, बसायला मानूस पायजे, असं सांगायला ती आली होती. सांगता सांगता तिची नजर पडवीतल्या तीन दगडांवर गेली, मग आतल्या शेगडीवर, मग पुन्हा दगडांवर. तिला वाचायला वेळ लागला नाही.

"चूल येगळी केलीत तिची," ती हळू आवाजात म्हणाली. "बरं केलंत. यांना मी रातीच म्हनत व्हते, भावजी आसं करनार नायत, पोटची पोर हाय. हे म्हनले, सावळाराम शब्दाचा हाय. जड गेलं आसंल."

सावळारामच्या तोंडात भजं होतं. ते गिळून तो सांगू शकला असता की चूल त्यानं वेगळी केली नाही.

"व्हय," तो म्हणाला. "जड गेलं."

"या मग. चा ठेवते," सकुबाई म्हणाली आणि गेली. सावळारामनं उरलेली भजी संपवली, कागद चुरगाळला, आणि सदरा घालून निघाला.